दोन बोटांचं अंतर

टायर आणि त्याच्या वरची मडगार्डची कड यांच्या फटीत हात घालून बोटं मोजायची, ही मुंबईच्या उपनगरांतल्या गॅरेजांची जुनी मोजदाद आहे. कंपनीतून आलेल्या छोट्या गाडीत चार बोटं आरामात आत जातात. आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली की दोनच राहतात. फरक तीस-पस्तीस मिलिमीटरचा. तेवढ्यासाठी अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत हौशी लोकांनी पदरमोड केली आणि घरच्यांची बोलणी खाल्ली. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ दिखाव्याचा मामला वाटतो. तो तसा नाही. गाडी किती खाली बसली यापेक्षा बसल्यावर ती कशी चालते, हा या कामातला खरा प्रश्न आहे आणि त्याची उत्तरं शोधण्याचा इतिहास उपनगरांच्या कारखानदारीशी घट्ट बांधलेला आहे.

त्याची सुरुवात आग्रा रोडवर होते.

कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप करत मुलुंड चेकनाक्याला भिडणारा लालबहादूर शास्त्री मार्ग जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्रा रोडच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. आधी क्रायस्लरच्या अमेरिकन डॉज-प्लिमथ, मग फियाटशी करार झाल्यावर छोट्या इटालियन गाड्या. भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी लॅम्ब्रेटा स्कूटर बनवत होती. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या सिएटचा टायरचा कारखानाही भांडुपलाच उभा राहिला. फियाट ट्युरिनची, सिएटचं मूळही ट्युरिनचं, लॅम्ब्रेटा मिलानची. उत्तर इटलीच्या मोटारउद्योगाचा एक तुकडाच जणू या रस्त्यावर उतरला होता. आणि १९६१ मध्ये दीप आनंद यांनी मुलुंडला गॅब्रिएल इंडिया सुरू केली, अमेरिकेच्या मॅरेमाँट कंपनीच्या सहकार्याने. तिथे बनत होते शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांचे शॉकअप.

गाडी, टायर आणि शॉकअप. साधारण पंधरा किलोमीटरच्या पट्ट्यात तिन्ही गोष्टी तयार होत होत्या. कोकणातून आणि घाटावरून आलेली माणसं भांडुपच्या टेकडीवर, घाटकोपरच्या चाळींत, मुलुंडच्या वसाहतींत राहून या कारखान्यांच्या पाळ्या करत होती. घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना चालवणारे डॉ. दत्ता सामंत पुढे प्रीमियरच्या कामगारांचे नेते झाले, इतका हा पट्टा एकमेकांत गुंतलेला होता. फिटर, टर्नर, वेल्डर, पेंटर अशा बसलेल्या हातांची इथे कधी टंचाई नव्हती. उपनगरांतली गॅरेजं अशा हातांवर उभी राहिली. म्हणूनच कंपनीने ठरवलेली उंची बदलून पाहण्याची हिंमत इथे लवकर आली.

शॉकअप आणि स्प्रिंग यांचं नातं समजल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकअप स्प्रिंगला आवरतो. त्या नळकांड्यात तेल असतं, तेलात दट्ट्या, दट्ट्यात बारीक वाटा. गाडी वरखाली झाली की तेल त्या वाटांतून जोराने ढकललं जातं, हालचालीतली ऊर्जा उष्णतेत जाते आणि उडी थांबते. दबताना शॉकअप थोडा अडवतो, उसळताना जास्त अडवतो, कारण दबलेल्या स्प्रिंगमध्ये साठलेला जोर परत येताना आवरायचा असतो. कंपनीचे इंजिनिअर विशिष्ट स्प्रिंगसाठी विशिष्ट शॉकअप बसवतात. त्यातली एक गोष्ट बदलली की दुसरीचं गणित बिघडतं. स्प्रिंग वीस टक्के कडक केली तर त्याच शॉकअपची पकड सुमारे नऊ टक्क्यांनी कमी पडते, हे चालवणाऱ्याला जेमतेम जाणवतं. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर पकड जवळपास तीस टक्क्यांनी घटते आणि गाडी प्रत्येक उंचवट्यावर उड्या मारू लागते.

कुर्ल्याची फियाट ११०० ही मूळची १९५३ ची. दांते जाकोसा या फियाटच्या मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली तिचा आराखडा तयार झाला. मुंबई-पुण्याची माणसं तिच्या गोलमटोल जुन्या रूपाला प्रेमाने डुक्कर फियाट म्हणत. पुढे सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ पासून डिलाइट, १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी अशी तिची नावं बदलत गेली. आतला सांगाडा तोच राहिला. इंजिन १०८९ सीसी. पुढच्या दोन चाकांना विशबोन आणि गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे आडवा जड आख आणि त्याच्याखाली कमानपाटे. पुढे आधुनिक आणि मागे बैलगाडीच्या काळापासून चालत आलेली अशी ही जोडी होती आणि खाली बसवण्याच्या पहिल्या प्रयोगांचं यश-अपयश या जोडीतच दडलं होतं.

टॅक्सीवाल्यांना गाडी खाली नको होती, वर हवी होती. पाच माणसं, वर कॅरिअरला बोचकी आणि पुढे सीएनजी आल्यावर डिकीत साठ किलोच्या आसपासची टाकी. मागची बाजू बसायची. मग कमानपाट्यांच्या दुकानात जाऊन एक पाटा वाढवून घ्यायचा, नाहीतर जुन्या पाट्याला ठोकून पुन्हा बाक द्यायचा. या दुकानांत ऐरण होती, घण होता आणि डोळ्यांनीच बाक मोजणारा कारागीर होता. खाली बसवण्याची कला याच ऐरणीवर उलट्या दिशेने शिकली गेली, असं म्हणायला हरकत नाही. हौशी माणूस त्याच दुकानात येऊन पाट्याचा बाक कमी करून मागायचा, किंवा चळतीतला एक पाटा काढून टाकायला सांगायचा.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हौशी फियाटवाल्याची यादी ठरलेली असे. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर काढून खाली फ्लोअरला घ्यायचा, पुढे बकेट सीट, रुंद टायर, आवाज करणारा सायलेन्सर आणि मग गाडी खाली. परदेशी स्प्रिंगा आणणं तेव्हा बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून पुढची स्प्रिंग कापायची.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. स्प्रिंग व्हाइसमध्ये आवळतात, वरच्या टोकापासून वेढा मोजून खडूची खूण करतात आणि हॅकसॉने किंवा ग्राइंडरने तार कापतात. स्प्रिंगचं पोलाद इतकं कडक असतं की साध्या पात्याचे दात निघून जातात, म्हणून ग्राइंडर आल्यावर हे काम फारच सोपं झालं आणि त्यामुळेच वाढलं. आता यातला हिशेब असा, की स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो. सहा वेढ्यांतला एक गेला तर उरलेली स्प्रिंग वीस टक्क्यांनी कडक होते. म्हणजे कापल्याने उंची कमी होते आणि ताठरपणा वाढतो. थोडं कापलं तर हे चालून जातं. खरी गोम टोकाशी आहे. स्प्रिंगचं टोक बैठकीत नीट बसावं म्हणून कारखान्यात शेवटचा वेढा जवळ दाबून किंवा घासून सपाट केलेला असतो. तो कापून टाकला की तिरकं टोक बैठकीवर एका बाजूने टेकतं. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं तर आखूड स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकते. यावर काही ठिकाणी गॅसच्या ज्योतीने वेढे तापवून स्प्रिंग खाली बसवण्याची पद्धत निघाली. ती सगळ्यात वाईट. तापलेल्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे स्प्रिंग तिथूनच बसते किंवा तुटते.

पुढे स्प्रिंग कापली आणि मागे पाटा काढला, तर काय होतं? पुढची स्प्रिंग कडक झाली. मागचा पाटा गेल्यामुळे मागची बाजू मऊ झाली, शिवाय पाट्यांच्या आपसातल्या घासण्याने जो थोडा आवर मिळत होता तोही घटला. या गोष्टीचं शास्त्र फियाट ११०० जन्माला येण्याआधीच लिहिलं गेलं होतं. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेलेल्या मॉरिस ऑली या ब्रिटिश इंजिनिअरने १९३० च्या दशकात दाखवून दिलं की प्रवाशाला सपाट चाल हवी असेल तर मागच्या चाकांची झुलण्याची गती पुढच्यांपेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते. कारण साधं आहे. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो, मागच्याला नंतर. दोन आखांत सव्वादोन मीटर अंतर असलेल्या गाडीत ताशी साठच्या वेगाला हा फरक सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढा असतो. मागची बाजू उशिरा झुलायला लागते, म्हणून ती जरा चपळ हवी. मग दोन्ही टोकं बरोबर येतात आणि गाडी एकसारखी स्थिरावते. पुढे कडक आणि मागे मऊ केलेली फियाट नेमकी याच्या उलट वागायची. तिचं नाक आणि शेपटी आळीपाळीने डोलत राहायची, आणि वळणावर पुढची चाकं सरळ जायला बघायची. दिसायला देखणी, चालवायला थकवणारी.

ही चूक अडाणीपणाची नव्हती. भाग मिळत नव्हते आणि आकडे कोणी सांगत नव्हतं. गॅब्रिएल मुलुंडला दिवसरात्र शॉकअप बनवत होती, पण ते कंपनीच्या मूळ स्प्रिंगसाठी होते. कापलेल्या स्प्रिंगला जुळणारा शॉकअप बाजारात नव्हताच.

मोटारशर्यतींतूनही ही विद्या उपनगरांत यायला वेळ लागला. मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर फियाट, हेराल्ड या गाड्या धावत होत्या, कोइमतूरच्या करिवर्धन यांनी १९८८ मध्ये फॉर्म्युला मारुतीच्या शर्यती सुरू केल्या. सपाट ट्रॅकवर गाडी जमिनीलगत ठेवण्याचा अभ्यास दक्षिणेत झाला. पश्चिमेकडे रॅलींचं प्रस्थ मोठं होतं. मुंबईकर नाझिर हुसेन यांनी १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू केली आणि रॅलीच्या रस्त्यावर गाडी उंच व दणकट हवी असते. त्यामुळे उपनगरांतल्या अनेक चांगल्या मेकॅनिकांचा हात उंची वाढवण्यावर आधी बसला. गाडी खाली बसवणं हे त्यांच्या लेखी बरीच वर्षं पोरांचं खूळ होतं.

मारुती आली आणि पट बदलला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, साडेसहाशे किलोच्या आसपास वजन, बारा इंची चाकं. पुढे मॅकफर्सन स्ट्रट होता: स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या पायात. अमेरिकेतल्या अर्ल मॅकफर्सनची ही रचना स्वस्त आणि हलकी, म्हणून जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. १९९३ मध्ये आलेल्या झेनने तर हौशी लोकांना वेडच लावलं. ९९३ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, ठेंगणं छप्पर, हलकं अंग. आधीच बुटकी असलेली ती गाडी आणखी खाली बसवली की फारच रुबाबदार दिसे.

पण मॅकफर्सन स्ट्रटची गाडी खाली बसवणं ही फियाटपेक्षा वेगळी परीक्षा आहे. वळणावर गाडी एका बाजूला कलते ती रोल सेंटर नावाच्या कल्पित बिंदूभोवती. वजनाचा मध्य त्या बिंदूच्या जितका वर, तितका कलण्याचा जोर जास्त. गाडी तीस मिलिमीटर खाली आणली की वजनाचा मध्य तीस मिलिमीटरच खाली येतो. पण खालचा कंट्रोल आर्म आडवा होऊन त्याचं चाकाकडचं टोक वर जातं, आणि त्यामुळे रोल सेंटर त्याहूनही अधिक खाली उतरतो. दोघांमधलं अंतर वाढतं. म्हणजे गाडी बुटकी झाली तरी कलण्याचा जोर वाढला. तो रोखायला स्प्रिंग कडक लागते आणि कडक स्प्रिंगला पुन्हा तसा शॉकअप लागतो. हे वर्तुळ ज्यांच्या लक्षात आलं त्यांनी पुढे काम नीट केलं. बाकीच्यांना ते टायरांनी शिकवलं. खाली बसवलेल्या गाडीची चाकं वरून आत झुकतात, म्हणजे कँबर बदलतो, चाकांची तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, म्हणजे टो, तोही बिघडतो आणि टायरची आतली कड काही महिन्यांत तार दिसेपर्यंत झिजते. बाहेरून टायर नवाकोरा दिसत असतो. उपनगरांत संगणकी व्हील अलाइनमेंटची दुकानं वाढली तेव्हा या कामातली निम्मी अंधश्रद्धा गेली, कारण आता कँबर आणि टो कागदावर छापून मिळू लागले.

कुर्ल्यात याच काळात मोठी उलथापालथ चालू होती. १९९६ मध्ये तिथे फियाट उनो बनू लागली, आणि शतक संपता संपता पद्मिनीचं उत्पादन थांबलं. २००१ मध्ये त्याच कुर्ल्यातून पालिओ बाहेर पडली. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि त्याच्या नावाची एस-१० आवृत्तीही निघाली. पालिओचं १.६ लिटरचं इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं. जड अंगाची, पेट्रोल पिणारी, पण वळणावर रस्त्याला धरून राहणारी ही गाडी चालवणाऱ्यांच्या पिढीला पहिल्यांदा कळलं की चांगली बैठक म्हणजे काय. ब्राझीलसारख्या देशांतले रस्ते डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असल्यामुळे ती उंच होती. तिला पंचवीस-तीस मिलिमीटर खाली आणली की ती फार सुरेख जमायची. उपनगरांच्या मातीत बनलेली आणि उपनगरांतच मनासारखी करून घेतलेली ती शेवटची गाडी म्हणावी लागेल. फियाट पुढे टाटांबरोबर रांजणगावला गेली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे.

आयात सैल झाल्यावर जर्मन स्प्रिंगा दिसू लागल्या. हाइनरिश आयबाख यांनी १९५१ मध्ये फिनेनट्रॉप इथे काढलेली आयबाख आणि जवळच्याच लेनेश्टाटची एच अँड आर ही दोन नावं हौशी लोकांना पाठ झाली. या स्प्रिंगांचे वेढे एकसारख्या अंतरावर नसतात. जवळचे वेढे आधी मिटतात, मग उरलेले काम करतात, म्हणून छोट्या खड्ड्याला स्प्रिंग मऊ आणि वळणावर कडक लागते. तारेच्या जाडीचं महत्त्वही तेव्हा उमगलं: तार दहा टक्के जाड केली की कडकपणा शेकडा सेहेचाळीसने वाढतो. एक वेढा कापून जे साधत नाही ते कारखान्यात तार आणि वेढ्यांचा मेळ घालून साधतं. अंधेरीत तोवर हौसेच्या गाड्यांचं वातावरण तयार झालंच होतं. दिलीप छाब्रिया यांच्या कार्यशाळेने नव्वदच्या दशकात गाडीचं रूप पालटण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. असल्फा-साकीनाक्याच्या बाजूला गॅरेजं, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुट्या केलेल्या गाड्यांचे भाग, आणि लिंक रोडला चकचकीत ॲक्सेसरीची दुकानं. स्विफ्ट २००५ मध्ये आणि चाकणची पोलो २०१० मध्ये आली तेव्हा जुळवलेल्या स्प्रिंगा आणि शॉकअपचा पूर्ण संच घेणारा ग्राहक उपनगरांत तयार होता.

मात्र रस्ता जर्मनीचा नव्हता.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाचं माप दिलेलं आहे: रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटीमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. हे माप विचारपूर्वक ठरवलेलं आहे. मारुती ८०० च्या दोन आखांमधलं अंतर २१७५ मिलिमीटर. एवढी गाडी त्या पसरट उंचवट्यावर मधोमध आली की तिच्या पोटाखाली शिरणारा फुगवटा जेमतेम पस्तीस मिलिमीटरचा भरतो. अडीच मीटरच्या गाडीला तो पंचेचाळीसच्या घरात जातो. म्हणजे मापाचा गतिरोधक असेल तर खाली बसवलेली गाडीही हळूच, न घासता जाते. पण गल्लीच्या तोंडाशी, सोसायटीच्या फाटकाशी एका रात्रीत घातलेला डांबराचा अरुंद कट्टा दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो आणि पोटाला त्याची सगळी उंची झेलावी लागते. पोट आणि जमीन यांच्यातला १७० मिलिमीटरचा क्लिअरन्स तीस कमी झाला, चार माणसं बसल्यावर आणखी चाळीस-पन्नास गेला, ब्रेक मारताना नाक दबलं, की उरतं काय? हौशी माणसं मग गतिरोधक तिरका ओलांडायला शिकली. कुठल्या सोसायटीचा उतार घासतो, हे त्यांना पाठ असतं.

पावसाचीही गोष्ट आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुर्ला, साकीनाका, घाटकोपरच्या सखल भागांत उंच गाड्याही बुडाल्या. तो दिवस अपवादाचा. पण दर जुलैत गुडघाभर पाण्यात एअर फिल्टरचं तोंड तीस मिलिमीटर खाली असणं म्हणजे काय, हे इंजिनात पाणी शिरल्याशिवाय कळत नाही.

कायदा गाडीतल्या या बदलांवर बराच काळ डोळेझाक करून होता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करण्याला मनाई आहे. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात ती मनाई ठामपणे अधोरेखित केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद झाली. नोंदणी पुस्तिकेत गाडीची जमिनीपासूनची उंची लिहिलेली नसते, त्यामुळे अंधेरीच्या एमएच-०२ ची असो की बोरिवलीच्या एमएच-४७ ची, अडवल्यावर निर्णय तपासणाऱ्याच्या नजरेवर येतो. जर्मनीत प्रमाणित स्प्रिंगसोबत तांत्रिक अहवाल येतो आणि कुठल्या गाडीला ती चालेल हे कागदावर असतं. आपल्याकडे पुण्यात एआरएआयसारखी १९६६ पासूनची संस्था आहे, तपासणीची साधनं आहेत. तरी चांगली जुळवलेली स्प्रिंग आणि गॅसने जाळलेली स्प्रिंग यांत कायदा फरक करत नाही. हा अन्याय आहे. सुरक्षिततेचं नुकसानही आहे, कारण चोरून करायचं काम माणूस स्वस्तात करून मोकळा होतो.

कंपनीने स्वतः हे काम केलं तर ती किती खाली जाते, याचंही उदाहरण झालं. टाटांनी कोइमतूरच्या जयेमसोबत २०१८ मध्ये टियागो जेटीपी आणली. टर्बो इंजिन, ११४ पीएस, रुंद टायर, कडक बैठक. उंची कमी केली ती फक्त चार मिलिमीटर. अनेकांची निराशा झाली. पण स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीवर मेहनत घेतल्यामुळे ती गाडी वळणावर बदललेली जाणवायची, आणि गतिरोधकावर साध्या टियागोसारखीच निभावून जायची. सगळा फायदा उंचीतून येत नाही, हे तिने आपल्या रस्त्यांवर सिद्ध केलं. २०२० मध्ये ती बंद झाली.

मुलुंडचं गॅब्रिएलचं उत्पादन थांबलं. चाकण, नाशिक, होसूरला ते चालू आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्ता सोडला. आग्रा रोडवर आता टॉवर आहेत. कारखान्यांनी तयार केलेली नजर मात्र काही गॅरेजांत टिकून आहे आणि ती कामाच्या क्रमात दिसते. चांगला कारागीर आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवतो. जुना शॉकअप हाताने दाबून आणि ओढून पाहतो. तेल गळत असेल तर नव्या स्प्रिंगा बसवायला नकार देतो. स्ट्रट बाहेर काढल्यावर स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा आवळतो, कारण दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. आत रबराचा बंप स्टॉप असतो. चाकाला वर सरकायला जागा कमी उरलेली असल्यामुळे, स्प्रिंग बनवणाऱ्याने सांगितलं असेल तेवढाच तो छाटतो, अंदाजाने नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शेवटी येते आणि घाईत तीच राहून जाते. कंट्रोल आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लोंबकळत असताना पक्के आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उभी करायची, चारदा दाबून बसवायची, मग आवळायचे. नाहीतर बुशाचं रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं, गाडी कडक लागते आणि बूश काही महिन्यांत फाटतो. दोष मात्र स्प्रिंगच्या माथी मारला जातो. त्यानंतर हेडलाइटचा झोत जुळवायचा, अलाइनमेंट करायची. काहीशे किलोमीटरनंतर स्प्रिंगा आपली जागा घेतात, तेव्हा उंची पुन्हा मोजून अलाइनमेंट पुन्हा करायची.

पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं, पण जुन्या पोलो आणि स्विफ्ट घेऊन येणारी माणसं आहेत. ज्या दुकानात आखूड स्प्रिंगा मिळतात तिथेच वेढ्यांत अडकवून गाडी उंच करायचे रबराचे ठोकळेही टांगलेले असतात. चार चाकांचं संतुलन बिघडवणारे ते ठोकळे विकत घ्यायला कोणी कचरत नाही, कारण उंच गाडी पाहून कोणी अडवत नाही. जाणता गॅरेजवाला दोन्हीकडच्या ग्राहकाला एकच प्रश्न विचारतो: गाडीत रोज किती माणसं बसतात आणि घर कुठे आहे? एकटाच एक्स्प्रेस हायवेने कामावर जाणारा असेल तर तीस मिलिमीटरपर्यंत तो तयार होतो. मागच्या सीटवर आईवडील बसणार असतील आणि सोसायटीच्या फाटकाशी अरुंद कट्टा असेल तर वीसच्या पुढे जायला तो मानत नाही, आणि शॉकअपवर चार पैसे जास्त घालायला सांगतो.